कुंकळ्ळीची विहीर आणि ख्रिस्तपुराण



१५८३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ व्या तारखेस गोव्याहून एका इंग्रज पाद्र्यानें आपल्या भावाला एक पत्र लिहिलें. त्या पत्रांत दोन गोष्टी आहेत. एक अशी कीं, तीन महिन्यांपूर्वीं त्याच्या पंथाच्या पांच जणांना साष्टी प्रांतांतील एका खेड्यांत लोकांनीं ठार मारलें. दुसरी अशी कीं, या देशांतील भाषांची ठेवण त्याला ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या ठेवणीसारखी दिसली. भाषांच्या या नात्याचा शोध सर विल्यम जोन्स यांच्या नांवावर आहे, आणि त्यांचें तें प्रसिद्ध भाषण १७८६ सालचें. म्हणजे या पत्रानंतर दोनशें वर्षांचें. रक्ताची बातमी आणि व्याकरणाचें कुतूहल एकाच पत्रांत लिहिणारा हा पाद्री म्हणजे थॉमस स्टीफन्स, आपल्या ख्रिस्तपुराणाचा कर्ता. आणि तें खेडें म्हणजे कुंकळ्ळी.

फादर स्टीफन्स यांचें नांव मराठी शिकलेल्या माणसाला बहुधा ठाऊक असतें. कुंकळ्ळीचें नसतें. आज मला या दोन नांवांची गांठ घालून दाखवावयाची आहे. कारण कुंकळ्ळींत काय घडलें हें कळल्यावांचून त्या पुराणाचा जन्म नीट कळत नाहीं, असें माझें मत आहे.

साष्टी म्हटल्यावर मुंबईच्या श्रोत्यांना ठाण्याकडील साष्टी आठवेल. ती ही नव्हे. ही गोव्यांतील, जुवारी नदीच्या दक्षिणेची साष्टी. मडगांव हें तिचें मुख्य ठिकाण. समोर फळा असता तर मास्तरी संवयीनें मीं नकाशाच काढला असता. तो नाहीं, तेव्हां शब्दांवरच भागवूं. उत्तरेस जुवारी, पश्चिमेस समुद्र, आणि अगदीं दक्षिणेच्या कोंपऱ्यांत, साळ नदीच्या आसपास, कुंकळ्ळी, असोळणें, वेरोडें, वेळ्ळी आणि आंबेली हीं पांच गांवें. पोर्तुगिजांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. परंतु तेव्हांचें त्यांचें गोवें म्हणजे तिसवाडीचें बेट आणि आसपासचीं लहान बेटें, एवढेंच. साष्टी आणि बार्देश हे दोन मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडून त्यांच्या हातीं आले ते १५४३ सालीं. पुढें धर्मप्रसाराच्या कामासाठीं या दोन मुलुखांची वांटणीच झाली. बार्देश फ्रान्सिस्कन साधूंकडे गेला आणि साष्टी जेझुइटांकडे आली. राजा एक, धर्म एक, पण दोन पंथांनीं एकमेकांच्या शेतांत जाऊं नये म्हणून ही हद्द आंखलेली होती! कुंकळ्ळीकडचीं गांवें या मुलुखाच्या कडेला पडलेलीं. त्यांच्या पलीकडची डोंगराळ जमीन पोर्तुगिजांची नव्हती. राजधानी दूर, किल्ला दूर, आणि पळून जावयाचें तर सीमा जवळ, अशी तेथील स्थिति होती.

आतां त्या काळच्या गोव्यांतील गांव म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. जंगल तोडून, खाजणांना बांध घालून ज्या घराण्यांनीं गांव वसविलें तीं घराणीं गांवच्या जमिनीचीं सामाईक मालक असत. त्यांना गांवकर म्हणत आणि त्यांच्या संस्थेला गांवकरी. सरकारचा सारा गांवकरीनें भरावयाचा, बांध आणि पाट तिनेंच दुरुस्त करावयाचे, आणि उरेल तें घराण्यांत वांटून घ्यावयाचें. पोर्तुगीज सरकारला ही व्यवस्था इतकी सोयीची वाटली कीं, १५२६ सालीं त्यांच्या एका अधिकाऱ्यानें तिसवाडीकडील गांवांच्या या चालीरीति रीतसर लिहून घेऊन त्यांस मान्यता दिली. या व्यवस्थेच्या मध्यभागीं देऊळ असे. देवाच्या नांवानें जमीन असे, आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर पुजारी, वाजंत्री, भाविणी, सुतार, लोहार, न्हावी, मशालजी अशी सारी मंडळी पोसली जात. गांवकरांची सभा देवळाच्या मंडपांत भरे. शपथ देवासमोर घेतली जाई. भांडणाचा कौल देवाकडून मिळे. कोणाचा मान पहिला आणि कोणाचा दुसरा, हेंसुद्धां पालखीच्या वेळींच ठरे. म्हणून देऊळ पडलें कीं नुसती मूर्ति फुटत नसे. गांवची कचेरी, न्यायासन, पेढी आणि नाटकशाळा हीं सारीं एकदम कोसळत.

आणि देवळें पाडलीं गेलीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झालें. १५६७ सालीं रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानानें साष्टींतील देवळें जाळण्यापाडण्याची मोठी मोहीम केली. लहानमोठीं अशीं शेंकडों देवळें त्या सुमारास नाहींशीं झालीं. त्याच वर्षीं गोव्यांत भरलेल्या धर्मपरिषदेनें हिंदूंच्या पूजाविधींना आणि धर्मग्रंथांना बंदी करणारे ठराव केले. ज्यांना साधलें त्यांनीं रातोरात आपले देव उचलले आणि नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. आज आपण मोटारींतून मंगेशी, म्हार्दोळ, कवळें असें देवदर्शन एका दिवसांत उरकून परततों. पण हीं सारीं दैवतें तेथें निर्वासित म्हणून आलेलीं आहेत, हें कितीजणांच्या ध्यानांत असतें? देवांबरोबर घराणींही गेलीं. जीं गेलीं नाहींत त्यांतील पुष्कळांनीं नवा धर्म घेतला: कोणी पटला म्हणून, कोणी जमीन आणि मान टिकावा म्हणून, कोणी नाइलाजानें. एकाच घराण्याची एक पाती कवळ्याला आणि दुसरी चर्चमध्यें, असें तेव्हां झालें.

कुंकळ्ळी आणि तिच्या भोंवतालचीं गांवें मात्र सहजासहजीं वांकलीं नाहींत. देऊळ पाडलें कीं तीं पुन्हां बांधीत. सारा देण्याचें त्यांनीं नाकारलें. पोर्तुगिजांनीं लष्कर पाठविलें, गांवें जाळलीं, देवळें पुन्हां उद्ध्वस्त केलीं. या मोहिमांत कांहीं जेझुइट पाद्री सैन्याबरोबर होते, हें खुद्द ख्रिस्ती इतिहासकारांनींच नमूद केलेलें आहे. पिएत्रो बेर्नो या नांवाच्या पाद्र्यानें तेथें एक पवित्र मानलेलें वारूळ मोडलें आणि त्या जागीं गाय मारविली, असें ते सांगतात. हें त्यांनीं लपवून ठेविलेलें नाहीं. उलट त्या काळच्या समजुतीप्रमाणें तो धर्मनिष्ठेचा पुरावा म्हणून सांगितला आहे. खेड्यांतील माणसाला याचा अर्थ कसा लागला असेल, हें सांगण्यास पांडित्य नको.

येथें मला दुसऱ्या एका पाद्र्याविषयीं थोडें थांबून बोलावयाचें आहे. त्यांचें नांव रोदोल्फो आक्वाव्हिवा. इटलींतील एका ड्यूकच्या घराण्यांत १५५० सालीं यांचा जन्म झाला. त्यांचे चुलते क्लाउदिओ आक्वाव्हिवा हे १५८१ सालापासून साऱ्या जेझुइट पंथाचे मुख्याधिपति होते. अकबर बादशहानें ख्रिस्ती धर्माची माहिती करून घेण्यासाठीं गोव्याहून पाद्री मागविले तेव्हां जी पहिली मंडळी १५८० सालीं फत्तेपूर शिक्रीस गेली तिचे हे रोदोल्फो पुढारी होते. इबादतखान्यांत मौलवींशीं त्यांचे वाद झाले. बादशहा रात्ररात्र ऐकत बसे, प्रश्न विचारी, पाद्र्यांचा मान राखी. परंतु त्यानें ख्रिस्ती धर्म घेतला नाहीं. तीन वर्षांनीं, निराश होऊन म्हणा अथवा वरिष्ठांच्या बोलावण्यावरून म्हणा, रोदोल्फो १५८३ च्या मे महिन्यांत गोव्यास परतले, आणि लगेच त्यांची साष्टीच्या मुख्य पाद्र्याच्या जागेवर नेमणूक झाली. वय बत्तीस.

मला या योगायोगाचें नेहमीं नवल वाटतें. फत्तेपूर शिक्रीस या माणसापाशीं पुस्तक आणि जीभ यांवांचून कांहीं साधन नव्हतें. तेथें त्यांना युक्तिवाद करावा लागला, दुसऱ्याचें ऐकून घ्यावें लागलें, फारशी शिकावी लागली. आणि त्यांचा पराभव झाला तरी केसाला धक्का न लागतां ते परत आले. कुंकळ्ळीस त्यांच्यापुढें फौज जाऊन आलेली होती. गांवकऱ्यांना समजवावयाचें काय उरलें होतें?

१५८३ च्या जुलैची १५ वी तारीख. पावसाळा भर रंगांत. रोदोल्फो, बेर्नो, आल्फोन्सो पाशेको, आंतोनियो फ्रान्सिस्को हे चार पाद्री आणि फ्रान्सिस्को आरान्हा हे एक ब्रदर, अशी पांच जणांची मंडळी ओर्ली या गांवीं एकत्र जमून कुंकळ्ळीस निघाली. बरोबर गोंसालो रोद्रिगिश नांवाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आणि बरीच देशी ख्रिस्ती मंडळी होती. क्रूस उभारावयाचा आणि चर्चसाठीं जागा पाहावयाची, एवढा बेत. गांवीं पोंचल्यावर नेहमींप्रमाणें सामोरें कोणी आलें नाहीं. गांवकरांची सभा बसली होती. थोड्याच वेळांत तरवारी, भाले आणि धनुष्यें घेऊन लोक धांवून आले. रोद्रिगिशानें बंदूक रोंखली तेव्हां पाशेकोंनीं त्याला आंवरलें. आपण येथें लढावयास आलों नाहीं, असें ते म्हणाले, असें नमूद आहे. पांचही जेझुइट, रोद्रिगिश आणि चौदा देशी ख्रिस्ती मिळून वीस माणसें मारलीं गेलीं. त्या चौदांत कांहीं लहान मुलगेही होते. बेर्नोंच्या देहाची विशेष विटंबना झाली. प्रेतें एका विहिरींत टाकून दिलीं.

पाशेकोंनीं बंदूक आंवरली ही गोष्ट खरी मानावयास मला अडचण वाटत नाहीं. हीं माणसें भ्याड नव्हतीं, आणि त्या दिवशीं त्यांच्या मनांत हिंसा नव्हती, हें मान्य केलें पाहिजे. पण बंदूक त्या दिवशीं न वापरल्यानें आधींची जाळपोळ पुसली जात नाहीं, हेंही तितकेंच खरें. आणि कुंकळ्ळीकरांनीं मुलांवर शस्त्र धरलें, याचेंही समर्थन कोणत्याहि अन्यायाच्या आधारें होत नाहीं.

दोन अडीच दिवसांनीं प्रेतें परत मिळालीं. तीं मिळवून रायतूरला त्यांचें दफन करण्याच्या कामांत फादर स्टीफन्स होते. ऑक्टोबरांतील पत्र लिहिणाऱ्या हातांनीं तें दृश्य जवळून पाहिलेलें होतें.

या गोष्टीचा शेवट असोळण्यास झाला. तेथील किल्ल्याच्या कप्तानानें कुंकळ्ळीकडच्या गांवांतील सोळा प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें किल्ल्यांत बोलाविलें. ते आले. चौकशी नाहीं, खटला नाहीं. तेथल्या तेथें त्यांना मारण्यांत आलें. सोळांपैकीं एकच निसटला. त्यानें साळ नदींत उडी घेतली आणि पोहून गेला. पांचही गांवें सरकारजमा झालीं. पुढें असोळणें, वेळ्ळी आणि आंबेली हीं जेझुइटांच्याच मालकीचीं झालीं, आणि कुंकळ्ळी व वेरोडें हीं पोर्तुगालमधील एका सरदार घराण्याकडे गेलीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं खाजणें बांधलीं ते आपल्याच शेतांत कूळ होऊन राहिले. रोमच्या पोपसाहेबांनीं १८९३ सालीं त्या पांच जेझुइटांना 'धन्य' ही पदवी दिली. जगांतील कॅथॉलिक पंचांगांत त्यांचा दिवस आहे. असोळण्याच्या पंधरा जणांना मात्र पंचांग मिळालें नाहीं.

आतां फादर स्टीफन्स यांच्याकडे वळूं. यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्यांच्या देशांत तेव्हां कॅथॉलिकांचा छळ चालू होता, ही गोष्ट विसरूं नये. आपल्या धर्मासाठीं देश सोडावा लागणें म्हणजे काय, तें हा मनुष्य स्वानुभवानें जाणत होता. रोमला जाऊन १५७५ सालीं ते जेझुइट झाले, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून यांचेंच नांव घेतात. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच वगैरे चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगांत पडले तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं यांनीं खटपट केली. पण हें सारें ओझरतें. सुमारें चाळीस वर्षें ते गोव्यांत राहिले, त्यांतील बहुतेक साष्टींत, म्हणजे याच खेड्यांतून. आणि १६१९ सालीं तेथेंच वारले.

या चाळीस वर्षांत त्यांनीं काय केलें? ते भाषा शिकले. शिकले म्हणजे व्यवहारापुरती नव्हे. साष्टींतील लोकांची बोली कोंकणी. तिचें व्याकरण त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलें, आणि तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूरला छापलें गेलें. पण त्यांच्या ध्यानांत आलें कीं घरांत कोंकणी बोलणारा हा समाज पुराण ऐकतो तें मराठींत. केळोशीच्या कृष्णदास शामा यांनीं १५२६ सालीं श्रीकृष्णाचें चरित्र मराठी ओवींत रचावयास घेतलें होतें, आणि केळोशी साष्टींतलीच. पैठणचे एकनाथ महाराज तर स्टीफन्स यांचे समकालीन. ते १५९९ सालीं समाधिस्थ झाले तेव्हां स्टीफन्स यांना गोव्यांत येऊन वीस वर्षें झालीं होतीं. ओवी ही कांहीं केवळ छंदाची बाब नव्हती. संध्याकाळीं देवळांत पुराणिक बसला आहे, भोंवतीं बायकामुलें, म्हातारेकोतारे आहेत, ओवी म्हटली जाते आणि तिचा अर्थ सांगितला जातो, हा कार्यक्रम देवळाबरोबरच बंद पडला होता.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच हा प्रसंग आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो कीं, आपण प्रार्थना शिकवितां तें ठीक. परंतु आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण कां देत नाहीं? त्या वांचून लोकांचें मन रमावें कशांत? हा प्रश्न कल्पित असेल किंवा खरोखरीचा असेल. माझ्या मतें साऱ्या ग्रंथांत याच्याइतकें प्रांजळ स्थळ दुसरें नाहीं. आपल्या पंथानें काय हिरावून घेतलें आहे, तें कवीनें त्या ब्राह्मणाच्या तोंडून कबूल करविलें आहे, आणि मग उत्तरादाखल दहा हजार नऊशें बासष्ट ओव्या लिहिल्या आहेत.

होय, १०,९६२. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर म्हणजे अध्याय, आणि ४,१८१ ओव्या. त्यांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या यहुदी लोकांची कथा. दुसऱ्यांत ५९ अवस्वर, आणि ६,७८१ ओव्या. त्यांत येशूचें चरित्र. त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटलें आहे, आणि येशूला स्वामी. एकनाथी वळणाची ओवी आहे, आणि मधून मधून साष्टीच्या बोलीचे शब्द आले आहेत. साध्या माणसाला कळावें म्हणून तसें मुद्दाम केल्याचें कवीनें प्रस्तावनेंत सांगितलें आहे. मराठी भाषेच्या थोरवीबद्दलच्या त्यांतील ओव्या शाळेच्या पुस्तकांतून मुलांना पाठ करावयास लावतात. लावाव्याच, त्या सुंदरच आहेत. मात्र त्या शिकवितांना गुरुजींनीं कुंकळ्ळीचाही नकाशा भिंतीवर टांगावा.

ग्रंथ १६१६ सालीं रायतूरला छापला गेला, आणि तोही रोमन लिपींत! मराठी ओव्या रोमन अक्षरांत. देवनागरी ठसे त्या छापखान्यांत नव्हते. ते असावेत म्हणून स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं रोमला पत्र लिहून परवानगी मागितली होती. युरोपांतील अक्षरें चोवीस. येथें काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरें धरून ठसे सहाशेंच्या घरांत जातात, परंतु युक्ति केली तर दोनशेंत भागेल, असा हिशेब त्यांनीं त्या पत्रांत मांडला. ज्यानें कधीं बाराखडी शिकविली आहे त्याला हा हिशेब वाचून त्या वृद्ध पाद्र्याविषयीं आपुलकी वाटल्यावांचून राहणार नाहीं. आणि हें पत्र ज्या मुख्याधिपतींना लिहिलें ते कोण? क्लाउदिओ आक्वाव्हिवा, कुंकळ्ळीच्या विहिरींतून ज्यांचें प्रेत काढलें त्या रोदोल्फोंचे चुलते. पत्रव्यवहाराच्या दोन्ही टोंकांना ती विहीर होती. ठसे कांहीं झाले नाहींत.

कोणी म्हणेल, मास्तर, हा सगळा प्रचारच ना? तरवारीनें जें साधलें नाहीं तें ओवीनें साधण्याची ही युक्ति. या आक्षेपाला मी बगल देणार नाहीं. युक्ति होती. ज्या पुराणांना सक्तीनें गप्प केलें त्यांची रिकामी जागा या पुराणानें भरली, आणि जुनें पुराण म्हणण्याची मोकळीक असती तर हें नवें कितीजणांनीं ऐकलें असतें, कोण सांगेल? स्टीफन्स यांनीं देवळें पाडण्याचा निषेध केला, असाही कांहीं पुरावा माझ्या वाचनांत नाहीं. तथापि मला एक फरक दिसतो. वारूळ मोडणाऱ्याला त्या वारुळांत काय आहे हें जाणून घेण्याची गरज नसते. ओवी लिहिणाऱ्याला असते. ती लिहावयाची तर एकनाथांसारख्यांची ओवी कानांत मुरवावी लागते, ऐकणाऱ्याच्या मनांत वैकुंठ या शब्दाबरोबर काय काय उभें राहतें तें ओळखावें लागतें, आणि त्या माणसाजवळ कांहीं मोलाचें आहे असें धरून चालावें लागतें. तीस वर्षें असें केल्यावर शिकविणारा तरी पूर्वीचाच राहतो काय? शिकवितांना मास्तरच अधिक शिकतो, हें माझ्या धंद्यांतील जुनें गुपित आहे.

स्टीफन्स यांच्या मागें त्यांची रीत टिकली नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, देशी लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकूमानें भाषा मरत नसते. पण पुस्तकें मरतात. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ सालीं आणखी दोन आवृत्ति निघाल्या होत्या. आज पहिल्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत जगांत आढळत नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांवर आणि माणसांच्या तोंडावर. गोव्यांतून दक्षिणेस कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो नेला. पोर्तुगिजांच्या हुकुमापलीकडे, मंगळूरकडच्या घरांतून हें मराठी पुराण पिढ्यान् पिढ्या वाचलें गेलें, आणि १९०७ सालीं मंगळूरलाच तें जोसेफ साल्ढाणा यांनीं पुन्हां छापलें, तेंही रोमन लिपींत. महाराष्ट्रांत देवनागरी आवृत्ति निघावयास १९५६ साल उजाडावें लागलें. ती पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं काढली. स्टीफन्स यांनीं ठसे मागितले त्याला तोंवर ३४८ वर्षें झालीं होतीं.

आणि कुंकळ्ळी? गांव आजही मोठें नांदतें आहे, हिंदु आणि ख्रिस्ती दोन्ही. जेथें पाद्री मारले गेले तेथें एक लहान प्रार्थनामंदिर आहे, आणि ती विहीर तेथेंच दाखवितात. असोळण्याच्या किल्ल्यांत मारलेल्या नायकांचें स्मारकही आतां गांवांत उभें आहे. गांवची देवी शांतादुर्गा त्या धामधुमीच्या काळांत सीमेपलीकडे फातर्प्यास गेली ती तेथेंच राहिली; तिला अजून कुंकळ्ळीकरीण म्हणतात. दर वर्षीं फाल्गुनांत, शिमग्याच्या सुमारास, तिची स्वारी फातर्प्याहून कुंकळ्ळीस आपल्या मूळ जागीं येते. बरोबर रंगीबेरंगी छत्र्या नाचवीत आणतात. गुलाल इतका उधळतात कीं रस्ता आणि माणसें एकाच रंगाचीं होतात. ख्रिस्ती शेजारीही त्या दिवशीं रस्त्यावर उभे राहतात, कोणी सामील होतात. छत्र्या बारा असतात, गांवकरांच्या एकेका वांगडाची एक.